टेन्शन चारवर

मार्था साळवेनं जाताना मशीन मला दिलं.
बंगळूरला लेकीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर,
खालच्यांना खडखड चालत नाही म्हणे.
शरणपूरहून टेम्पोत बसून जेल रोडला आलं,
ओतीव लोखंडाचं, सोनेरी वेलबुट्टी अर्धी झिजलेली,
कंपनीच्या नावातली चारच अक्षरं शिल्लक.
"चालवून बघ," म्हणाली, "बुजू नकोस."

मी बुजले नाही. बसले आणि हाणलं.
दोन टाके बसले, तीन गळाले,
एक बसला, परत चार गळाले.

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी कागद तपासले.
आकडा केसभर सरकला तरी
बोट आपोआप तिथे जायचं,
शेजारच्या खुर्चीवर मार्था, तिचंही.
आणि इथे सुई उलटी बसलीय
हे मला आठ दिवस दिसलं नाही.
चपटी बाजू डावीकडे.
एवढंच.

सुई फिरवली. टाके वरून सरळ, देखणे.
कापड उलटलं तर खाली शेवया.

खाली गुंता म्हणजे दोष खालचा,
असं मी धरून चालले.
बॉबिन बदलली. मेन रोडवरून सहा नव्या आणल्या.
केसचा स्क्रू पाव फेरा आवळला,
मग अर्धा, मग रागानं पूर्ण.
दातरीखालचा कचरा दाभणानं उकरला,
तर नमद्यासारखी दाबून बसलेली एक वडी निघाली.
पापुद्रे सोडवत गेले:
आमच्या युनिफॉर्मचा निळा,
चर्चच्या गाणाऱ्या पोरांच्या झग्यांचा पांढरा,
आणि मध्ये एक जर्द पिवळा,
जो मार्थानं कधी अंगावर घातलेला मला आठवत नाही.
तो फेकवेना. काडेपेटीत ठेवला.

मग चाकच जड झालं.
डिसेंबर होता. इथे खोबरेल बाटलीत गोठतं,
सांध्यांत का नाही गोठणार.
हो, मीच घातलं होतं.
तेल ते तेल, म्हटलं.
शेजारच्या दिघ्यांच्या स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल घेऊन
गॅलरीत दोन दुपारी एकेक भोक धूत बसले.
खडू शोधायला खण पूर्ण ओढून काढला
तेव्हा त्याच्या पाठीला चिकटवलेली चिठ्ठी दिसली,
प्रेसमधल्यासारख्याच ठाशीव अक्षरात:
"मशीनचंच तेल. खोबरेल घालू नको.
तू घालशील."

एकटीच हसले. शेवया तशाच.

शेवटी डोकं तेवढं सोडवून, पिशवीत घालून
रिक्षानं दहीपुलाला नियाजभाईंकडे.
त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही.
"दोरा ओवा बघू," म्हणाले. मी ओवला.
"आता सांगा, ओवताना पाय वर होता की खाली?"
मी माझ्याच चपलांकडे बघितलं.
"तुमचा नाही, मशीनचा."

पाय खाली असला की
टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात.
दोरा आत शिरत नाही, नुसता काठावरून घसरतो,
आणि वरचा हा ढिलेपणा
खाली जाऊन जमा होतो.
"लोक बॉबिनला शिव्या देतात," नियाजभाई म्हणाले,
"ती बिचारी खाली बसून वरचं निस्तरते."
पैसे विचारले तर म्हणाले, कशाचे?
चहा मात्र पाजला. माझ्याच पैशांनी.

घरी आले. पाय उचलला, दोरा ओवला,
चकत्यांत बसताना बारीकसा अडकल्याचा भास झाला बोटाला.
टेन्शन चारवर.
खालचा स्क्रू मी पिळून ठेवलेला,
तो हळूहळू जागेवर आणायला अजून एक संध्याकाळ.

प्रयोगाच्या सगळ्या चिंध्या मी ठेवल्यात,
प्रेसची सवय, बाद माल मोजल्याशिवाय टाकायचा नाही.
प्रत्येकीवर बॉलपेननं तारीख. सतरा.
अठरावी काल पाकिटात घातली,
आठ इंच मांजरपाट, मधोमध एक शिवण,
पत्र लिहिलं नाही.
बंगळूरला पोचेल शुक्रवारपर्यंत.
मार्था चष्मा लावेल,
आणि आधी उलटी बाजू बघेल.